अघोषित उत्तरभागाची प्रतीक्षा : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कथापरंपरेच्या संदर्भात प्रेक्षक-अनुमानाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एखाद्या कथेचा एक भाग संपल्यानंतर तिचा पुढील भाग येणार काय आणि आल्यास त्यात काय घडेल, याविषयी वाचक, श्रोते व प्रेक्षक यांनी बांधलेले अंदाज हा इतिहासलेखनाचा विषय म्हणून क्वचितच विचारात घेतला जातो. लेखक आणि त्याची कृती यांचा इतिहास लिहिला जातो. परंतु जी कृती अद्याप अस्तित्वातच नाही, तिच्याविषयीच्या अपेक्षेचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. गेल्या दोन-अडीच दशकांत व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र ही अपेक्षा डोळ्यांत भरण्याइतकी मोठी झाली आहे. 'द एल्डर स्क्रोल्स' या अद्भुतरम्य मालिकेचा पाचवा भाग 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रकाशित झाला. सहाव्या भागाची अधिकृत सूचना जून २०१८ मध्ये मिळाली, तीही जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीच्या रूपाने. मधल्या सुमारे साडेसहा वर्षांत आणि त्यानंतरही चाहत्यांनी नकाशे, शीर्षके आणि कायदेशीर कागदपत्रे यांच्या आधारे असंख्य तर्क मांडले.

हा प्रकार केवळ संगणकयुगाचा आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रदेश विशेष उपयुक्त आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सर्व प्रदेश चांदा जिल्हा म्हणून ओळखला जात असे. गोंडांची मौखिक महाकथा, चांद्याच्या राजघराण्याच्या दंतकथा आणि झाडीपट्टी रंगभूमी अशा तीन कथापरंपरा येथे एकमेकींच्या शेजारी नांदताना दिसतात. 'पुढे काय' या प्रश्नाला तिन्ही परंपरांनी दिलेले उत्तर वेगवेगळे आहे.

अभ्यासाची पद्धती व मर्यादा

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मौखिक कथा, मुद्रित कादंबरी, झाडीपट्टीचे नाटक आणि व्हिडिओ गेम या चार माध्यमांची तुलना तीन प्रश्नांच्या आधारे केली आहे : कथा पुढे नेण्याचा अधिकार कोणाकडे आहे? कर्ता आणि श्रोता यांच्यात अंतर किती आहे? आणि अनुमान कोणत्या पुराव्यावर उभे राहते? नाटकांच्या वा गेमच्या वाङ्मयीन गुणवत्तेचे मूल्यमापन हा या लेखाचा उद्देश नाही.

१. मौखिक कथा : जेथे उत्तरभागाला धनी नाही

गोंड समाजाची लिंगोविषयीची कथा हे या प्रदेशातील सर्वांत महत्त्वाचे मौखिक आख्यान होय. गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांना लिंगो मुक्त करतो, त्यांना गोत्रव्यवस्था व पूजाविधी घालून देतो आणि अखेर दिसेनासा होतो. कथेचा शेवट असा नायकाच्या प्रस्थानाने होतो. आजच्या परिभाषेत बोलायचे तर हा 'खुला शेवट' आहे. तरीही लिंगो परत येणार काय, याविषयी तर्कांची चढाओढ या परंपरेत प्रधान ठरत नाही. त्याचे कारण कथनाच्या व्यवस्थेत आहे. ही कथा गाण्याचे काम परधानांकडे होते. परधानांच्या घराण्यांचे विशिष्ट गोंड घराण्यांशी यजमानकीचे नाते असे. किंगरीसारख्या तंतुवाद्याच्या साथीने परधान कथा सांगे, तेव्हा श्रोत्यांच्या कुळाचा इतिहास त्या कथेत सामावला जाई. लिंगोच्या पश्चात जे घडले ते म्हणजे ऐकणाऱ्यांची स्वतःची गोत्रे, त्यांचे देव आणि त्यांची गावे. कथेचा उत्तरभाग श्रोते प्रत्यक्ष जगत होते. त्यामुळे त्याची वाट पाहण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

ही स्थिती एकोणिसाव्या शतकात बदलू लागली. नागपूर येथील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोचे आख्यान टिपून घेतले. १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची टिपणे अपुरीच राहिली. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १८७१ मध्ये कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या ग्रंथात याच आख्यानाचे संक्षिप्त इंग्रजी पद्यरूप दिले. त्यासाठी त्यांनी अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या 'हायावाथा'चे वृत्त स्वीकारले. एका गायकाने एका प्रसंगी सांगितलेले रूप अशा रीतीने छापील आणि म्हणून 'मूळ' ठरले. कथेला प्रथमच ठरावीक शेवटचे पान मिळाले आणि त्या पानापलीकडे रिकामी जागा निर्माण झाली.

चांदा शहराच्या स्थापनेची दंतकथा या दृष्टीने अधिकच बोलकी आहे. खांडक्या बल्लाळशाह या राजाचा त्वचारोग झरपट नदीच्या पाण्याने बरा झाला, तेथेच त्याने एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले आणि राणीच्या सल्ल्यावरून सशाच्या मार्गावर नगराचा कोट बांधण्यात आला, अशी ही कथा आहे. सशाने उलटून कुत्र्याशी झुंज दिली व जेथे अखेर तो मारला गेला, त्या जागा नगरास पुढे धोकादायक ठरतील म्हणून तेथे मजबूत बुरूज उभारावेत, असेही राणीने सुचविले होते. भावी संकटाची सूचना अशी कथेच्या पोटातच ठेवलेली आहे. संकट कोणते आणि ते केव्हा येणार, हे मात्र कथा सांगत नाही. ऐकणाऱ्याने कोटाकडे पाहावे आणि आपल्या काळातील घटना तिच्याशी जोडून घ्यावी, अशी ही योजना आहे. १७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी फौजेने शहर जिंकले. प्रत्येक पिढीला त्या दंतकथेचा उत्तरभाग लिहिण्यास असे पुरेसे साहित्य मिळत गेले.

२. रिकाम्या जागा भरण्याचा मोह

श्रोत्यांच्या अनुमानाला लिखित इतिहासाचे रूप कसे येते, याचे उदाहरण चांद्याच्या राजवंशावळीत आढळते. मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल सादर केला. त्यात स्थानिक परंपरेच्या आधारे गोंड राजांची यादी दिली असून ती भीम बल्लाळसिंह या राजापासून, म्हणजे इसवी सन ८७० पासून, सुरू होते. ही यादी १७५१ पर्यंत येते. सुमारे ८८० वर्षांच्या या कालखंडासाठी तीत वीसच्या आसपास नावे आहेत. म्हणजे प्रत्येक राजाची कारकीर्द सरासरी चाळीस वर्षांहून अधिक भरते. मध्ययुगीन राजसत्तांची अस्थिरता लक्षात घेता इतकी सरासरी विश्वासार्ह वाटत नाही. म्हणूनच पुढील अभ्यासकांनी या यादीतील प्रारंभीच्या कालनिर्णयाविषयी शंका घेतली. अकबराच्या काळातील 'आइने-अकबरी'त चांद्याच्या बाबाजी या राजाचा उल्लेख येतो. तेथून पुढे स्वतंत्र साधनांचा आधार मिळू लागतो. त्यापूर्वीचा भाग मुख्यतः परंपरेवर अवलंबून आहे.

येथे स्थानिक माहितगारांनी किंवा अधिकाऱ्याने फसवणूक केली, असे म्हणण्याचे कारण नाही. परंपरेत नावे होती, परंतु सलग कालक्रम नव्हता. अहवालाला मात्र कालक्रम हवा होता. दोन निश्चित बिंदूंमधील पोकळी जुळणाऱ्या तपशिलांनी भरून काढण्यात आली. पुढे पाहणार आहोत त्याप्रमाणे गेमचा चाहता आणि वसाहतकालीन अहवाललेखक यांची तर्कपद्धती या मुद्द्यावर एकच आहे. फरक इतकाच की, चाहता भविष्याची पोकळी भरतो आणि अहवाललेखकाने भूतकाळाची भरली.

३. मुद्रित कादंबरी : प्रतीक्षेचा आरंभ

पुढील भागासाठी ताटकळणारा वाचक मराठीत मुद्रणाबरोबर आला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या एकसंध पुस्तके होत्या; त्यांचा शेवट वाचकाच्या हातातच होता. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि कादंबरी क्रमशः येऊ लागली, तेव्हा परिस्थिती पालटली. एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंतचा आठवडा हा तर्काचा काळ झाला. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्या पूर्ण होण्याची शक्यताही संपली.

हिंदीतील देवकीनंदन खत्री यांचे उदाहरण येथे नोंदविणे आवश्यक आहे. चकिया व नौगढच्या जंगलांत लाकडाचे ठेके घेत असताना पाहिलेल्या पडक्या गढ्यांनी त्यांच्या कल्पनेला खाद्य दिले. 'चंद्रकांता' (१८८८) लोकप्रिय झाल्यानंतर 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग आले. तिच्यातील भूतनाथ या पात्रावर स्वतंत्र मालिका सुरू झाली. खत्री १९१३ मध्ये निवर्तले, तेव्हा ती अपूर्ण होती. त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी ती पुढे नेऊन पूर्ण केली. मौखिक परंपरेत कोणीही परधान कथा पुढे नेऊ शकत होता. येथे मात्र तो अधिकार लेखकाकडून वारसाहक्काने पुत्राकडे गेला. कथेला धनी मिळाला आणि धन्याच्या मौनाकडे कान लावून बसणारा वाचकही त्याबरोबर जन्मास आला.

४. झाडीपट्टी रंगभूमी : वाटाघाटीतून येणारा पुढील भाग

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांच्या भूमीत येथील नाट्यपरंपरा रुजली. साकोली येथील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली व येथील लोककला यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. धान घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो, गावोगाव मंडई भरते. मंडईच्या दिवशी शंकरपट आणि रात्री नाटक असा क्रम अनेक गावांत रूढ होता. पाहुण्यारावळ्यांनी घरे भरतात, सोयरिकी जुळतात आणि नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगते.

या व्यवसायाचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे आहे. गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्गावरील हे स्थानक जिल्ह्याचे दीर्घकाळ एकमेव रेल्वे स्थानक राहिले. नागपूर वा मुंबईहून येणारे कलावंत, पडदे-सामानाची ने-आण आणि खेड्यांतून येणारी मंडळी या सर्वांना सोयीचे म्हणून नाट्यसंस्थांची कार्यालये येथे एकवटली. चंद्रपूर जिल्ह्यात नवरगावनेही नाट्यक्षेत्रात नाव मिळविले. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला, तेव्हा या रंगभूमीची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली.

अनुमानाच्या दृष्टीने झाडीपट्टीची रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. हंगामापूर्वी संस्था आपल्या नव्या नाटकांची पत्रके काढतात. शीर्षक बहुधा जोडनावाचे असते : एक नाव, त्यानंतर 'अर्थात', आणि मग दुसरे नाव. त्याखाली कलावंतांची नावे असतात. गावची मंडळी वडशाला जातात, पत्रके पाहतात, संस्थांशी बोलतात आणि नाटक व तारीख ठरवितात. तिकीटविक्रीचा नफा-तोटा गावच्या मंडळाने सोसावयाचा असल्याने हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. पत्रकावरील दोन नावांवरून आणि कलावंतांच्या यादीवरून नाटकाचा अंदाज बांधणे ही येथे हौस नसून आर्थिक गरज आहे. अंदाज चुकला तर गावाला झळ बसते.

दुसरे वैशिष्ट्य असे की, झाडीपट्टीचे नाटक एका रात्रीत पूर्ण होते. दुष्टाचे पारिपत्य, दुरावलेल्यांची भेट किंवा अटळ शोकान्त यांपैकी काहीतरी पहाटेपूर्वी घडलेच पाहिजे. कारण प्रेक्षकांपैकी अनेक जण परगावचे असतात व सकाळी परततात. म्हणून कथेचा धागा पुढील वर्षासाठी लोंबकळत ठेवणे या व्यवस्थेत परवडत नाही. येथे 'मालिका' असते ती कथेची नव्हे, तर संस्थेची व कलावंताची. मागील हंगामात खलनायक गाजविणारा नट यंदा कोणत्या संस्थेत आहे, कोणत्या लेखकाची संहिता कोणी घेतली, हे येथील 'पुढील भागा'चे प्रश्न होत.

तिसरे वैशिष्ट्य गुप्ततेशी संबंधित आहे. एकच नाटक हंगामात अनेक गावी होते. पहिल्या गावच्या प्रयोगाला गेलेला पाहुणा आपल्या गावी कथा सांगतो. त्यामुळे 'काय घडणार' हे रहस्य फार काळ टिकत नाही. खरी उत्सुकता 'आपल्या गावात केव्हा' ही असते. कथा माहीत असूनही लोक रात्रभर बसतात, यावरून येथील प्रतीक्षा रहस्यभेदावर अवलंबून नसून एकत्र येण्यावर अवलंबून असल्याचे दिसते. या एकत्र येण्यातच व्यत्यय आला, तेव्हा त्याचे मोल स्पष्ट झाले. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट थांबले; १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरविले. शंकरपटाला येणारा माणूस हाच रात्रीच्या नाटकाचा प्रेक्षक असल्याने या घडामोडी रंगभूमीशीही निगडित होत्या. त्यातच २०२०-२१ च्या हंगामावर कोरोना साथीच्या निर्बंधांची छाया पडली. त्या वर्षीचा प्रश्न कोणते नाटक येणार हा नव्हता. हंगाम होणार की नाही, हा होता.

५. व्हिडिओ गेम : मौनाचे अर्थ लावणारा प्रेक्षक

व्हिडिओ गेममध्ये पूर्वोक्त तिन्ही घटक टोकाला जातात. कथा पुढे नेण्याचा कायदेशीर अधिकार केवळ कंपनीकडे असतो. निर्मितीस अनेक वर्षे लागतात. आणि कर्मचारी गुप्ततेच्या करारांनी बांधलेले असतात. प्रकाशन बहुधा जगभर एकाच दिवशी होते, त्यामुळे शेजारच्या गावाहून कथा ऐकून येण्याची सोय उरत नाही. अशा वेळी चाहता कागदपत्रांकडे वळतो.

'एल्डर स्क्रोल्स'च्या संदर्भातील दोन उदाहरणे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये या मालिकेच्या तत्कालीन मालक कंपनीने 'रेडफॉल' या नावाच्या व्यापारचिन्हासाठी अर्ज केल्याचे उघड झाले. मालिकेच्या कल्पित जगात 'हॅमरफेल' नावाचा प्रांत आहे आणि जून २०१८ च्या चित्रफितीतील डोंगराळ किनारा त्या प्रांताचा असावा, असा तर्क आधीच प्रचलित होता. त्यामुळे 'रेडफॉल' हेच सहाव्या भागाचे उपशीर्षक, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. जून २०२१ मध्ये 'रेडफॉल' हा रक्तपिपासू पिशाच्चांशी लढण्याचा सर्वस्वी वेगळा गेम असल्याचे जाहीर झाले आणि मे २०२३ मध्ये तो प्रकाशितही झाला. अर्ज खरा होता, त्याची तारीख व मालकीही खरी होती. चूक होती ती अर्थनिर्णयनात. अपेक्षित उत्तर आधीच मनात ठरलेले असल्याने कागद त्या उत्तराचा साक्षीदार बनविला गेला.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन खटल्यात दाखल झालेली कंपनीची अंतर्गत कागदपत्रे चुकून सार्वजनिक झाली. त्यांतील नियोजनाच्या तक्त्यात मालिकेच्या २००६ च्या 'ऑब्लिव्हियन' या भागाच्या नव्या आवृत्तीचा उल्लेख होता. कंपनीने त्यावर मौन पाळले. अखेर २२ एप्रिल २०२५ रोजी ती आवृत्ती घोषणेच्या दिवशीच विक्रीसाठी खुली झाली. चाहत्यांचे अनुमान येथे बरोबर ठरले. परंतु तक्त्यात दर्शविलेला काळ मात्र कधीच उलटून गेला होता. नियोजनाचा कागद हा घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो, तो केवळ त्या क्षणीच्या हेतूचा पुरावा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातही या प्रकारचे एक उदाहरण घडले आहे. पुणे येथील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रकाशित केला. त्यापूर्वी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अपेक्षित रकमेपर्यंत पोहोचला नव्हता. असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी या कथेची नायिका असून दुर्गा व विष्णू निवेदकांच्या भूमिकेत आहेत. कथेचा शेवट आकस्मिक व अपुरा वाटल्याची प्रतिक्रिया समीक्षकांनी व खेळणाऱ्यांनी नोंदविली आणि त्याच अपुरेपणातून दुसऱ्या भागाची अपेक्षा निर्माण झाली. २०२५ मध्ये 'राजी : कलियुग' या नावाने उत्तरभाग जाहीर झाला. लहान संस्थेच्या बाबतीत मौनामागे नेहमी गुप्त योजना असतेच असे नाही. अनेकदा पैशाची जुळवाजुळव चालू असते. मोठ्या कंपनीच्या मौनाचे गणित लहान संस्थेला लावणे ही अनुमानातील आणखी एक चूक ठरते.

६. विवेचन : अधिकाराचा प्रश्न

चारही माध्यमांची तुलना केली असता असे दिसते की, कथेला एकच धनी असतो आणि धनी व श्रोता यांच्यात बोलणे बंद असते, तेथे अनुमान वाढते. परधान समोर बसलेला असताना त्याला विचारता येत होते. वडशाच्या कार्यालयात गावकरी संस्थाचालकाला आपली आवड सांगू शकतात आणि त्याला ती ऐकावी लागते. जागतिक कंपनीशी असा संवाद नसतो. म्हणून तिच्या प्रत्येक कागदाची चिकित्सा होते.

या प्रदेशाच्या दृष्टीने यातून एक गंभीर प्रश्न निर्माण होतो. लोककथा व पुराणकथा यांवर आधारित गेमना बाजारपेठ आहे, हे 'राजी'ने दाखविले आहे. उद्या लिंगोच्या आख्यानावर वा चांद्याच्या दंतकथेवर एखादा गेम तयार झाला, तर त्याचे शीर्षक, चित्रे व विशिष्ट मांडणी यांवर निर्मात्याचा हक्क राहील. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात लोककथेच्या सामूहिक मालकीसाठी स्वतंत्र तरतूद नाही. कायदा मूळ कथा कोणाकडून काढून घेणार नाही, हे खरे. पण १८६६ च्या छापील पाठाने जे केले, तेच अधिक मोठ्या प्रमाणावर होऊ शकेल. एक रूप सर्वज्ञात होईल आणि त्याच्या पुढील भागासाठी ज्यांची ती कथा आहे, त्यांनाही इतरांप्रमाणे घोषणेची वाट पाहावी लागेल.

याला उत्तर म्हणून समाजाच्या आतून झालेल्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. नागपूर येथील भाषाभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी गोंडी भाषा व पारी कुपार लिंगोविषयी विपुल लेखन करून या आख्यानाचा अर्थ समाजाच्या दृष्टीने मांडला. २०१७ मध्ये मसराम गोंडी व २०१८ मध्ये गुंजाळा गोंडी या लिप्यांचा युनिकोड प्रणालीत समावेश झाल्याने संगणकावर गोंडी तिच्या स्वतःच्या लिप्यांत लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला. कथा पुढे नेण्याची साधने अशी हळूहळू तिच्या वारसांच्या हाती येत आहेत.

झाडीपट्टीच्या बाबतीत धोका वेगळ्या प्रकारचा आहे. गेमच्या चाहत्यांनी मांडलेला प्रत्येक तर्क कोठेतरी साठविला जातो. उलट झाडीपट्टीच्या अनेक संहिता छापल्याच जात नाहीत आणि हंगाम सरला की पत्रके रद्दीत जातात. ज्या रंगभूमीचे प्रेक्षक आपली पसंती थेट निर्मात्याला सांगतात, तिच्या प्रेक्षकांच्या अपेक्षांचा इतिहास लिहिण्याची साधनेच अशा रीतीने नष्ट होत आहेत. पत्रके, गावच्या मंडळांचे हिशेबाचे कागद आणि हस्तलिखित संहिता यांचे जतन केल्याशिवाय पुढील अभ्यासकाला लुसी स्मिथ यांच्याप्रमाणेच पोकळ्या तर्काने भराव्या लागतील. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाल्यामुळे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये एका छत्राखाली आली आहेत. इतिहास व मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील गावांपासून सुरुवात केल्यास हे काम आवाक्याबाहेरचे नाही.

निष्कर्ष

१. अघोषित उत्तरभागाविषयीचे अनुमान ही संगणकयुगाची निर्मिती नसून कथेला एकच धनी मिळाल्याचा परिणाम आहे. मुद्रित कादंबरीच्या काळातच त्याची सुरुवात झालेली दिसते.

२. गोंडी मौखिक परंपरेत श्रोत्यांचे जीवन हाच कथेचा पुढील भाग होता. छापील पाठामुळे कथेला निश्चित शेवट मिळाला व त्यापुढील पोकळी निर्माण झाली.

३. झाडीपट्टी रंगभूमीत पुढील नाटक हे संस्था व गाव यांच्या वाटाघाटीतून ठरते. येथील अनुमानाला आर्थिक जबाबदारीची जोड आहे आणि प्रतीक्षा रहस्यापेक्षा एकत्र येण्याशी अधिक निगडित आहे.

४. 'रेडफॉल' व 'ऑब्लिव्हियन' या उदाहरणांवरून कागदाची सत्यता आणि त्यावरून काढलेल्या निष्कर्षाची सत्यता या भिन्न गोष्टी असल्याचे सिद्ध होते. चांद्याच्या वंशावळीच्या अभ्यासालाही हाच निकष लागू पडतो.

५. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कथा नव्या माध्यमांत जाणे अपरिहार्य आहे. त्या कोणाच्या नावाने पुढे जातील, हे आज त्यांचे दस्तऐवजीकरण कोण करतो यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील. ते काम स्थानिक महाविद्यालयांनी परधान गायक, नाट्यसंस्था व गावची मंडळे यांच्या सहभागाने हाती घेणे आवश्यक आहे.